चार की चार-चार?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं कपाट आवरताना आजीची चिठ्ठी सापडली. 'दोघी नातींना चार पाटल्या द्याव्या.' डब्यात पाटल्या आठ. आता दोघींत मिळून चार, की चार-चार म्हणजे सगळ्याच? अर्धा दिवस घर या एका वाक्यावर अडून बसलं. आवाजही चढले. शेवटी आत्या म्हणाली, "अगं, आईला चार-चार म्हणायचं असतं, तर ती तसंच म्हणाली असती. पंगतीत वाढतानासुद्धा 'दोन-दोन घाल गं' असं स्पष्ट सांगायची." चिठ्ठीत चारच होते. दोन माझ्याकडे आल्या, दोन चुलतबहिणीकडे.

तेव्हापासून हे वाटणीचे शब्द डोक्यातून जात नाहीत. दोन-दोन, चार-चार, एकेक यांना आपल्या व्याकरणात पृथक्त्ववाचक विशेषणं म्हणतात. शब्द दोनदा उच्चारून 'एकेकाला वेगळं' हे सांगायची रीत फार जुनी. पाणिनीने तिला 'वीप्सा' म्हटलं आणि 'नित्यवीप्सयोः' या सूत्रात द्विरुक्ती सांगितली. इथे बडोद्यात शेजारच्या गुजराती काकी बब्बे, चच्चार म्हणतात, तेही तेच. घरोघरी, गावोगावी, दारोदारी हीसुद्धा त्याच कुळातली.

आपण मात्र हल्ली सगळीकडे एक 'प्रत्येक' ठोकून देतो, आणि तोही चुकीचा. 'प्रत्येक' एकेकाला बाजूला काढून बघतो, म्हणून पुढचं नाम एकवचनी: प्रत्येक मुलाने, प्रत्येक घरात. 'प्रत्येक सभासदांनी' असं छापलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. अनेकवचन हवं तर 'सर्व' आहे ना! आणि 'प्रत्येकी'चं काम वेगळं. 'मुलांना दोन लाडू दिले' यात गोंधळ आहे, 'मुलांना प्रत्येकी दोन लाडू दिले' यात नाही. आजीच्या चिठ्ठीत 'मिळून' किंवा 'प्रत्येकी' यातला एक शब्द असता, तर तो अर्धा दिवस वाचला असता.

'प्रत्येक तीन दिवसांनी' हेही मराठी नव्हे. दर तीन दिवसांनी, दर सोमवारी, दरसाल, दरडोई. तसंच 'सगळे आपल्या घरी गेले' म्हटलं तर वाटतं, सगळे आमच्याच घरी आले की काय! 'आपापल्या घरी' म्हटलं की एकेक जण आपली वाट धरताना दिसतो.

मला सर्वांत प्रिय आहेत ते माणशी, घरटी, एकरी. एवढ्याशा शब्दात अख्खा हिशोब. माणशी दोन पोळ्या, एकरी दहा पोती. आजोबा गणपतीची वर्गणी 'घरटी' मागायचे. आता घरातली मुलं 'दरेक घरातून' म्हणतात. गुजरातीचा मला राग नाही, ती आमचीच भाषा आहे, पण 'घरटी' विसरून कसं चालेल?

यंदाच्या गणपतीच्या पत्रकाचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. 'प्रत्येक कुटुंबांनी रुपये ५०१ द्यावे, सभासदांना चार पास मिळतील.' मी खोडून लिहिलं: 'वर्गणी घरटी ५०१ रुपये. सभासदांना प्रत्येकी चार पास.'