निजामाचं 5,000 किलो सोनं: दान नव्हतं, रोखे होते

माझा भाचा परभणीत अभ्यासिकेत बसून पोलीस भरतीची तयारी करतो. सामान्य ज्ञानाच्या एका ग्रुपवर आलेला मजकूर त्यानं मला पाठवला आणि विचारलं, "मामा, हे पाठ करू का?" दर सप्टेंबरात फिरणारा हा मजकूर तुमच्यापर्यंतही आलाच असेल. त्यात म्हटलंय ते असं: 1965 च्या युद्धात सरकारची तिजोरी रिकामी झाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री मदत मागायला हैदराबादच्या सातव्या निजामाकडे गेले. मीर उस्मान अली खाननं 5,000 किलो सोनं देशाला दान दिलं, परत मागितल्या त्या फक्त लोखंडी पेट्या. त्या सोन्यावर आपण युद्ध लढलो. याच निजामानं 1948 साली रक्ताचा थेंब न सांडता, स्वखुशीनं संस्थान भारतात विलीन केलं. तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस होता, आणि मराठवाड्याला रेल्वे व विद्यापीठ त्यानंच दिलं.

लेकरं हे पाठ करून परीक्षेला बसतात, म्हणून लिहितोय.

आधी सोन्याचं बघू. 11 डिसेंबर 1965 च्या 'द हिंदू'त शास्त्रींच्या हैदराबाद भेटीची बातमी आहे. निजाम त्यांना बेगमपेट विमानतळावर भेटले. नंतर जाहीर सभेत शास्त्रींनी निजामाचं अभिनंदन केलं, ते सुवर्ण रोख्यांत 4.25 लाख ग्रॅम सोनं गुंतवल्याबद्दल. त्याची किंमत सुमारे 50 लाख रुपये होती. ते सोनं जुन्या मोहरांचं असल्यामुळे त्या वितळवायच्या नाहीत, परदेशात विकल्या तर कोटभर रुपये येतील, असंही शास्त्री म्हणाले. 4.25 लाख ग्रॅम म्हणजे 425 किलो. मजकुरातला आकडा त्याच्या जवळजवळ बारा पट आहे. त्या दिवशीच्या भावानं 5,000 किलोचे पावणेसहा कोटींच्या वर रुपये होतात. एवढं सोनं फुकट मिळालं असतं तर पंतप्रधानांनी भर सभेत 425 किलोचेच आभार मानले असते का?

आणि हे दान नव्हतंच. सरकारनं ऑक्टोबर 1965 मध्ये राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे काढले होते. सोनं सरकारकडे द्यायचं, दरवर्षी व्याज घ्यायचं आणि पंधरा वर्षांनी, 1980 साली, सोनं परत घ्यायचं. वर ते सोनं आलं कुठून, हे विचारलं जाणार नाही, ही सवलत. 1961 च्या आयकर कायद्यात या रोख्यांचं नाव 1980 या सालासकट छापलेलं आहे. माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाकडून चालणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण निधीनंही अशा दानाची माहिती नसल्याचं कळवलं.

मग पेट्यांची गोष्ट कशी टिकते? ज्याला पुढे सोनंच परत मिळायचं होतं, त्यानं रिकाम्या पेट्या मागितल्या यात त्याग कसला? युद्ध त्या सोन्यावर लढलं गेलं म्हणणाऱ्यांनी तर तारखाही पाहिल्या नाहीत. युद्धविराम 23 सप्टेंबरला झाला आणि रोखे त्यानंतर निघाले.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की 425 किलो सोनं ही किरकोळ गोष्ट नाही. देशाला परकीय चलनाची गरज असताना त्यानं ते बाहेर काढलं. पण त्याचं श्रेय द्यायला खोटा आकडा लागत नाही.

मला खरा राग आहे तो 'स्वखुशीनं विलीन केलं' या वाक्याचा. सोन्याची थाप फार तर एका गुणाचं नुकसान करील, हे वाक्य आपल्या माणसांचा लढा पुसून टाकतं. निजामानं जून 1947 मध्येच स्वतंत्र राहण्याचं जाहीर केलं होतं. 29 नोव्हेंबरला भारताशी जैसे थे करार केला आणि त्याच सुमारास त्याच्या सरकारनं पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देऊ केलं. ऑगस्ट 1948 मध्ये भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली. स्वखुशीनं येणारा माणूस तक्रार घेऊन जगाकडे जातो का? तोवर गावोगाव रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, धुमाकूळ चालू होता, आणि त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा आपल्या लातूरचाच वकील. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून फौज आत शिरली, त्याच दिवशी नळदुर्गजवळच्या चकमकीत हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. रक्ताचा थेंबही सांडला नाही म्हणणाऱ्यानं एकदा नळदुर्गला जाऊन हे बोलून दाखवावं. पाच दिवसांत सगळं कोसळलं, तेव्हा कुठे 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली.

निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या, मारल्या गेलेल्या माणसांना या मजकुरात एक ओळ नाही. हा हिंदू-मुसलमान असा वाद करणाऱ्यांनाही सांगतो: विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आलं. ते मुसलमान होते.

बाकीचं पटकन. श्रीमंतीचं खरं आहे. 'टाइम' साप्ताहिकानं फेब्रुवारी 1937 मध्ये त्याला मुखपृष्ठावर घेतलं ते त्यासाठीच. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या कामाला त्यानं पैसे दिले, अजिंठ्याची चित्रं जपायला त्याच्या काळात इटलीहून कारागीर आणले गेले, हेही खरं. रेल्वेचं खोटं. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून जाणारी लाइन 1900 च्या आसपासची आहे आणि उस्मान अली गादीवर बसला 1911 साली. त्याचं विद्यापीठ उस्मानिया. ते हैदराबादला निघालं 1918 साली आणि तिथं शिकायचं उर्दूतून. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 23 ऑगस्ट 1958 रोजी, निजामाची सत्ता जाऊन दहा वर्षं होत आली तेव्हा.