पैसा आला की नवं सुचतं? हिंगण्यात तसं दिसत नाही

"लहान कारखान्यात नवं काही होत नाही, कारण पैसा नाही. मालकाची मूल्यं, त्याचा स्वभाव वगैरे सगळं भाषणापुरतं. जमशेटजी टाटांकडे पैसा होता म्हणून नागपूरची एम्प्रेस कापड मिल झाली." उद्योजकांच्या ग्रुपवर हा मजकूर महिनाभर फिरतोय. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितो. मला हे पटत नाही.

आधी पैसा. तंगी खरीच आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. माझ्याकडे शंभर-सव्वाशे दिवसांची बिलं पडून असतात. तरीही एकाच गल्लीतले दोन मालक सांगतो. एकाने कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, आणलं. ऑपरेटरने जॉब (घडवायचा सुटा भाग) पकडायची वेगळी पद्धत सुचवली, तर उत्तर मिळालं, "तुला डोकं चालवायचा पगार नाही देत." ते मशीन आजही तेच दोन जॉब काढतं. पलीकडे जुनाट ड्रिल मशीन. तिथल्या वेल्डरने भंगारातल्या पट्ट्या जोडून जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर केलं. पहिली दोन फसली, माल रिजेक्ट झाला, पण मालकाने त्याचा पगार कापला नाही. तिसऱ्यात एका वेळी तीन नग बसू लागले. हे नुकसान पोटात घालायची तयारी कोणत्या कर्जातून येते?

नवं म्हणजे नवं मशीन, हेही त्या मजकुरात गृहीतच धरलंय. अर्थतज्ज्ञ शुम्पीटरने नवं करण्याचे पाच प्रकार सांगितले होते: नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, उद्योगाची नवी रचना. आपण पद्धतीतल्या मशीनपाशीच अडकतो.

आणि एम्प्रेस मिल. ती लहान नव्हती, भांडवलही होतं, मान्य. पण १८७७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे पैसा कमी होता का? तिथले गिरणीवाले रिंग स्पिंडल या सूत कातायच्या नव्या यंत्राला नाकं मुरडत होते, तेव्हा जमशेटजींनी ते नागपुरात चालवून पाहिलं. त्याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. कामगाराचा विचार करणारा आणि नव्या यंत्रावर विश्वास टाकणारा मालक इथे एकच होता. हे भाषणापुरतं कसं म्हणायचं?

त्या वेल्डरला मालकाने आता शनिवारचा अर्धा दिवस मोकळा दिलाय. सध्या पाइप वाकवायची डाय (साचा) करतोय. पहिली मोडली.