खिडकीला चिकटवलेल्या अँटेनावर सर्व वाहिन्या दिसतात का?

व्हॉट्सॲपवर आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर एक दावा पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा की केबलचे किंवा डिशचे रिचार्ज बंद करावे, कागदासारखा चपटा ‘फोर-के डिजिटल अँटेना’ खिडकीच्या काचेला चिकटवून त्याची वायर टीव्हीला जोडावी आणि दोनशे मैलांच्या परिसरातील सर्व वाहिन्या कायमच्या फुकट पाहाव्यात. दरमहा रिचार्जचा खर्च ज्यांना खरोखर जड जातो, अशीच कुटुंबे या दाव्याला भुलतात. म्हणून त्याचा एकेक भाग तपासणे मला आवश्यक वाटते.

‘सर्व वाहिन्या’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे, आणि उरलेला दावा त्याच्यावरच उभा आहे. असा अँटेना जमिनीवरील मनोऱ्यावरून प्रक्षेपित झालेल्या लहरी पकडतो. जी वाहिनी मनोऱ्यावरून प्रक्षेपितच होत नाही, ती जगातल्या सर्वोत्तम अँटेनालाही मिळणार नाही. भारतात मनोऱ्यांवरून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण फक्त प्रसार भारती, म्हणजे दूरदर्शन, करते. झी मराठी, स्टार प्रवाह यांसारख्या खासगी वाहिन्या घरी पोहोचतात त्या केबल, डीटीएच किंवा इंटरनेट या मार्गांनी. दूरदर्शननेही आपले जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता बंद केले. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ या (मनोऱ्यावरून डिजिटल लहरी पाठवण्याच्या) पद्धतीचे प्रक्षेपण सुरू झाल्याचे जाहीर झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोनच होती. त्यावरील वाहिन्या दूरदर्शनच्याच, बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या पाहायला टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर, म्हणजे ते प्रक्षेपण उलगडणारा भाग, लागतो.

यावर अनेकजण सांगतात की अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडे हाच अँटेना उत्तम चालतो. ते खरे आहे. तेथील मोठ्या वाहिन्या स्वतःच मनोऱ्यांवरून मोफत प्रक्षेपण करतात. अमेरिकेत ते २००९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये पूर्णपणे डिजिटल झाले. आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात असताना जाहिरातीत मैल येतात, यावरूनच ती कोणत्या बाजारासाठी लिहिली गेली असावी याचा अंदाज येतो.

दोनशे मैल म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे ठरावीक अंतरापुढे क्षितिजच आड येते. मुंबईतील वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. घरचा अँटेना जमिनीपासून १० मीटरवर धरला, तर मध्ये काहीही आड न येता हे अंतर जेमतेम ८५ किलोमीटर भरते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा पुण्याला ते दिसावे म्हणून पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र (तेच प्रक्षेपण पुढे पाठवणारे केंद्र) उभारावे लागले, कारण मध्ये सह्याद्री होता. जे गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला साधत नव्हते, ते काचेवरच्या पत्र्याला साधेल असे मानण्यास काहीही आधार नाही. पल्ला हा एकट्या अँटेनाचा गुण नसतोच. प्रक्षेपकाची शक्ती, दोन्ही टोकांची उंची आणि मधला प्रदेश यांवर तो ठरतो.

‘फोर-के’ आणि ‘डिजिटल’ ही विशेषणे अँटेनाला लागूच पडत नाहीत. त्याच्या भागांची लांबी लहरींच्या लांबीशी जुळावी लागते (५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर, म्हणून अर्ध्या लहरीचा दांडा सुमारे ३० सेंटिमीटरचा). चित्र किती स्पष्ट असेल हे प्रक्षेपण आणि टीव्ही ठरवतात.

सोबत मिळणाऱ्या बूस्टरबद्दलही गैरसमज आहे. गच्चीवरून खाली येणाऱ्या लांब केबलमध्ये सिग्नल क्षीण होत असेल, तर अँटेनाजवळ बसवलेला बूस्टर ती घट भरून काढतो. मुळात सिग्नल दुबळा असेल, तर बूस्टर सिग्नलबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही (नकोशा लहरी) वाढवतो. पूर्वी अशा वेळी पडद्यावर मुंग्या येत, तरी चित्र कळत असे. डिजिटल चित्राचे आधी चौकोन होतात आणि मग ते पूर्ण जाते.

मासिक खर्च शून्यावर आणण्याची इच्छा मात्र रास्त आहे आणि तिच्यासाठी देशात सोय आहे. डिसेंबर २००४ पासून चालू असलेल्या, आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेला रिचार्ज लागत नाही. एकदाच छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि सेट टॉप बॉक्स घ्यावा लागतो. बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चा घ्यावा, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी या सेवेवर आहे. खासगी वाहिन्यांच्या जागांचा मात्र लिलाव होतो, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते आणि आपल्या आवडीची मालिका तिथे असेलच असे नाही. ही सेवा ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. म्हणून मुंबईत छत्रीचा रोख आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर असावा लागतो. नागपुरात तो थोडा अधिक दक्षिणेकडे आणि सुमारे ६० अंशांवर येतो. नेहमीच्या छत्रीचा एलएनबी मध्यापासून खाली असल्यामुळे ती दिसायला याहून बरीच उभी दिसते, त्यामुळे डोळ्यांनी कोन जुळवू नये. बॉक्सवरील सिग्नलची पट्टी पाहूनच जुळवावा. त्या दिशेला झाड किंवा शेजारची इमारत असेल, अथवा घराला फक्त उत्तरेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल, तर पैसे देण्याआधी सोसायटीकडे गच्चीवर जागा मागावी.