पोटावरचा पेपर

कोल्हापूरहून पणजीला जाण्यासाठी निपाणी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी हा रस्ता धरला, की माणूस महाराष्ट्रातून कर्नाटकात, तिथून पुन्हा महाराष्ट्रात आणि अखेरीस गोव्यात पोहोचतो. एवढ्या सीमा ओलांडायच्या असतील, तर निघताना पोट हलके असावे, हे मला कळत होते. तरीही स्टँडसमोर मिसळ खाल्लीच आणि कट दोनदा मागून घेतला. (कोल्हापूरकराने एकदाच कट घेऊन उठणे बरे दिसत नाही.)

रुमाल टाकून धरलेली खिडकीजवळची जागा नेमकी मागच्या चाकावर निघाली. आजऱ्याला एक आजी चढल्या आणि सावंतवाडीला दिलेल्या लेकीसाठी घेतलेली घनसाळ तांदळाची पिशवी माझ्या पायांवर ठेवून शेजारी बसल्या.

आंबोलीपर्यंत निभावते. तिथून मात्र गाडी सुमारे ७०० मीटर उंचीवरून कोकणात उतरू लागते. हिरण्यकेशी नदीसुद्धा आंबोलीत उगम पावून शहाण्यासारखी पूर्वेला, आजऱ्याकडे निघून जाते. घाट उतरण्याची हौस फक्त तिकीट काढलेल्यांना.

तिसऱ्या वळणावर सकाळचा कट गळ्यापर्यंत येऊन परिस्थितीचा अंदाज घेऊन गेला. माझा चेहरा पाहून आजी म्हणाल्या, "पेपर हाय न्हवं? मग वाचत काय बसलाईस लेकरा, पोटाला लाव की."

भरल्या गाडीत शर्टाची बटणे काढून अग्रलेखासह अख्खा पेपर पोटाला गुंडाळणे पदवीधर माणसाला शोभत नाही. पण घाटात पदवी काय कामाची? या उपायाचे शास्त्र मला आजही उमगलेले नाही. "लांब बघ," हा त्यांचा दुसरा सल्ला मात्र पटला, कारण कानाला हेलकावे जाणवतात, डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळते. परंतु लांब बघावे, तर दरीत धुके. जवळ बघावे, तर कठड्यावर माकड निवांत केळे सोलत बसलेले.

सावंतवाडीला आजी उतरल्या, बांद्यानंतर पत्रादेवीला गोवा लागला, तरी मी पेपर काढला नाही. पणजीला लॉजवर शर्ट उतरवला, तेव्हा दिवसभर टाळलेली उलटी घामाने ओल्या पोटावर अक्षरांच्या रूपाने उमटलेली होती. आरशासमोर उभा राहिलो, तर गुळाच्या सौद्यांचे दर स्पष्ट वाचता येत होते.