‘देशासाठी खेळला नाही, तो शिकवणार काय?’

प्रशिक्षक नेमायची वेळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘जो देशासाठी खेळला नाही त्याला दडपण काय कळणार? खेळाडू त्याला मान देणार नाहीत. आणि कोर्स करून कोणी प्रशिक्षक होत नाही.’ हा मजकूर मुंबईकरही पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी दडपणाचं बघू. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण शिवाजी पार्कवर सरावाच्या शेवटी ते सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्याला ते नाणं, कोणालाच जमलं नाही तर सचिनला. अशी १३ नाणी सचिनने आजही जपली आहेत. थकलेल्या पोराला त्या रुपयासाठी विकेट सांभाळायला लावून सरांनी सामन्यातलं दडपण नेटमध्येच आणलं होतं. उलट ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल बघा. ८७ कसोटी, २४ शतकं, आणि त्यांच्या हाताखालचा भारतीय संघ २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत बाहेर. सगळा दोष त्यांच्या माथी मारणार नाही, पण त्यांची शतकं संघाच्या कामी आली नाहीत एवढं खरं.

मानाच्या मुद्द्याचा मला जास्त राग येतो. अमोल मुझुमदार आचरेकर सरांचेच शिष्य. १९८८ साली शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागी चालू होती तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही. २०२५ च्या विश्वचषकात ते प्रशिक्षक असलेला भारतीय महिला संघ ओळीने तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्जला पुढच्याच सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं गेलं, आणि उपांत्य सामन्यात त्याच क्रमांकावर तिने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाला हरवलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यावर कर्णधार हरमनप्रीत मुझुमदारांच्या पाया पडली. मान मिळत नाही म्हणणाऱ्यांनी तो क्षण पुन्हा बघावा.

बॅडमिंटनच्या गोपीचंद यांचं उदाहरण कोणी देईल, आणि ते रास्तच आहे. २००१ चे ऑल इंग्लंड विजेते, आणि साईना-सिंधूंचे गुरूही. खेळलेला असणं ही जमेची बाजू आहेच. माझा आक्षेप ती अट करण्याला आहे.

राहिला कोर्स. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. कोर्समध्ये शिकायचं ते हेच: चौदा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची हाडं अजून वाढत असतात. त्याला रोज वाटेल तितकी षटकं टाकायला लावली, तर पाठीच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. पाठ दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘आमच्या वेळी आम्ही टाकायचो’ असं सांगून पुन्हा रनअपवर धाडणारे माजी खेळाडू मी मैदानावर पाहिले आहेत. आपल्या मुलाला नेटवर पाठवण्याआधी तिथल्या सरांना एवढंच विचारा, आठवड्याला किती षटकं टाकून घेता?