फर्स्ट बेसवर कोणी यायचे होते?

आज संध्याकाळी सरावाच्या मैदानाबाहेर कुंपणाला लागून आम्ही पालक खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ अगदी सहज म्हणाले, की संघातल्या केमिस्ट्रीचे, म्हणजे मुलींच्या आपसातल्या मेळाचे, काय घेऊन बसलात, दोन वेळा पिझ्झा खाऊ घातला की मुली आपोआप मैत्रिणी होतात, बॅटचा वेग मात्र पिझ्झाने वाढत नाही. सगळे हसले. मला हसू आले नाही, आणि घरी आल्यापासून तेच वाक्य डोक्यात घोळते आहे. ते लिहून काढल्याशिवाय आज झोप लागणार नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावे.

तिकडच्या मित्रमंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि माझी लेक ट्रॅव्हल सॉफ्टबॉल खेळते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलसारखा खेळ: फटका मारला की एकामागून एक बेस गाठत धावायचे, आणि चेंडू फर्स्ट बेसवर तुमच्या आधी पोहोचला की तुम्ही बाद. ट्रॅव्हल सॉफ्टबॉलचा शाळेशी काही संबंध नसतो. खाजगी क्लब असतात, उन्हाळा संपता संपता ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, होतात, वर्षाची फी हप्त्यांनी भरावी लागते, आणि शनिवार-रविवार आपण दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या मैदानावर उन्हात तळत बसतो. शनिवारी साखळी सामने, रविवारी बाद फेरी. यंदा आमच्या मुली बारा वर्षांखालच्या गटातून चौदाच्या गटात गेल्या. तिथे पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीचे, फलंदाजापासूनचे अंतर ४० फुटांवरून ४३ फूट होते, समोरच्या मुली उंचीने आणि ताकदीने मोठ्या होतात, आणि या निमित्ताने प्रत्येक क्लब आपला संघ नव्याने बांधायला घेतो. आमच्याही क्लबने घेतला. दहा वर्षांखालच्या गटापासून एकत्र खेळत आलेल्या, म्हणजे ज्या वयात चेंडूसुद्धा ११ इंचांचा असतो त्या वयापासूनच्या चार मुलींना, यंदा संघात जागा नसल्याचा ईमेल एका रात्रीत गेला. त्यात आमची सेकंड बेसवरची मुलगीही होती.

तिच्याबद्दल सांगायचे तर जूनमधला एक प्रसंग सांगावा लागेल. रविवारचा सामना, शेवटची इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, समोरच्यांची एक मुलगी फर्स्ट बेसवर आणि एकही बाद नाही. अशा वेळी बंट येणार हे लहान पोरालाही कळते. बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवायचा आणि पायापाशी मेल्यासारखा सोडून पळत सुटायचे. माझी लेक फर्स्ट बेसवर खेळते, त्यामुळे बंट झाला की तिला आपला बेस सोडून पुढे धावावेच लागते आणि तिचा बेस रिकामा पडतो. त्या रिकाम्या बेसवर सेकंड बेसच्या मुलीने मागून धावत यायचे असते. त्या दिवशी लेकीने चेंडू उचलला आणि मान पूर्ण वळायच्या आतच तिच्या हातातून तो सुटला होता. मी कुंपणातून पाहत होते. चेंडू सुटला त्या क्षणी बेसवर कोणीही नव्हते. तो पोहोचला तेव्हा मात्र सेकंड बेसच्या मुलीचा डावा पाय बेसवर होता आणि ग्लोव्ह छातीसमोर उघडा होता. बंट करून धावणारी मुलगी पाऊलभर अंतराने बाद झाली. पुढे सामना कोणी जिंकला हे इथे महत्त्वाचे नाही. (आम्ही जिंकलो.)

परतताना गाडीत मी लेकीला विचारले, "ती आली आहे हे तुला न बघता कसे कळले?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी भलतेच विचारले आहे. म्हणाली, "आई, ती येतेच."

आता आजची गोष्ट. नव्या संघाचा आपसातला सामना चालू होता. तसाच बंट झाला, तशीच लेक पुढे धावली, तसाच तिने चेंडू वळता वळता फेकला, आणि नवी सेकंड बेसवाली अजून आपल्या जागेपासून दोन पावलेही हललेली नव्हती. चेंडू थेट राइट फील्डच्या कोपऱ्यात गेला आणि धावणारी मुलगी थर्ड बेसवर जाऊन उभी राहिली. त्यावर त्याच पिझ्झावाल्या गृहस्थांनी मला सल्ला दिला, की तुमच्या मुलीला आधी बघायला आणि मग फेकायला शिकवा.

माझे डोके फिरले ते इथे. आधी बघायचे आणि मग फेकायचे, म्हणजे नेमके काय करायचे? दोन बेसमध्ये अंतर ६० फूट असते आणि या वयाची चपळ मुलगी ते तीन-साडेतीन सेकंदांत कापते. बंटचा चेंडू गाठून तो उचलण्यातच त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो. उरलेल्या वेळात थांबून, मान वर करून, कोणी आले आहे का याची खात्री करून घेत बसले, तर ती मुलगी बेस ओलांडून पुढे गेलेली असते. म्हणजे जी गोष्ट माझ्या लेकीला जूनमध्ये उत्तम येत होती, ती ऑगस्टमध्ये तिने विसरावी आणि स्वतःला हळू करून घ्यावे, असा हा सल्ला आहे. आणि हे सगळे कशाच्या नावाखाली, तर कौशल्यविकासाच्या! तिचा हात तोच आहे, पाय तेच आहेत, चेंडू उचलण्याची पद्धत तीच आहे. फक्त पलीकडचे माणूस बदलले आणि तिचे कौशल्य अर्धा सेकंद मंदावले. लोक केमिस्ट्री म्हणून ज्याला हसतात ती गोष्ट मुळात ही आहे. एकीला दुसरीची चाल इतकी ठाऊक असणे, की बघण्यात वेळ घालवावा लागू नये. तिचा मैत्रीशी फारसा संबंध नाही. या दोघी मैदानाबाहेर एकमेकींशी धड बोलतही नसत. एक सतत पुस्तकात डोके घालून बसणारी आणि दुसरी डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवर, सगळ्यात मोठ्याने ओरडणारी. पिझ्झाच्या टेबलावर त्या कधी शेजारी बसल्याचेही मला आठवत नाही.

मी शाळेत असताना खो-खो खेळले आहे, त्यामुळे हे मला नवे नाही. मध्यपाटीवर आठ जणी एकआड एक उलट दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात, आणि पाठीमागून येणारी कोणत्या क्षणी खो देईल हे तिच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायचे असते. आमच्या बाई शेजारीशेजारी बसणाऱ्या मुलींच्या जागा सहसा बदलत नसत. तेव्हा मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

आता नव्या मुलीबद्दल. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण तिची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नसली तरी जग लहान आहे. मुलगी गुणी आहे. आज तिने मारलेला एक फटका कुंपणाच्या पायथ्याशी जाऊन आदळला आणि तो पाहून माझ्याही तोंडून वाहवा निघून गेली. आमची जुनी मुलगी नवव्या क्रमांकावर फलंदाजी करायची आणि तिचा चेंडू इनफील्डच्या, म्हणजे बेसजवळच्या भागाच्या, बाहेर क्वचितच जायचा, हेही खरे आहे. चौदाच्या गटातल्या पिचिंगसमोर तिचे कठीणच झाले असते. हे सगळे मला मान्य आहे. पण मग तिला फलंदाजी शिकवायची होती! यासाठीच तर आपण क्लबला पैसे देतो ना? विकास हा शब्द त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, आणि विकासाची खरी वेळ आली की मात्र ते जुनी मुलगी काढून तयार मुलगी आणतात. शिकवण्याचे कष्ट दुसऱ्या क्लबने घ्यायचे आणि आपण ट्रायआउटला उभे राहून निवड करायची, याला विकास म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात.

यावर ठरलेले उत्तर मिळते ते कॉलेजच्या संघांत होणाऱ्या खेळाडूंच्या भरतीचे. टेक्सासमध्ये तर सध्या प्रत्येक बापाच्या तोंडी नायजारी कॅनडी या पिचरचे नाव आहे. दहा लाख डॉलरांहून मोठ्या कराराने ती टेक्सास टेक विद्यापीठात आली आणि २०२५ मध्ये तो संघ पहिल्यांदाच ओक्लाहोमा सिटीत होणाऱ्या कॉलेजच्या वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला, अगदी अंतिम फेरीपर्यंत. तिच्याशिवाय ते घडले नसते, हे कोणीही नाकारणार नाही. पण निर्णायक तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये समोरच्या टेक्सास विद्यापीठाच्या संघाने तिच्यावर पाच धावा काढल्या आणि सामना १०-४ असा जिंकला, हे सांगताना याच मंडळींचा आवाज बारीक होतो. आणि मुळात विशीतल्या खेळाडूचे गणित बारा-तेरा वर्षांच्या पोरींना का लावायचे? एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वोच्च गटाच्या, प्रशिक्षकाला मुलगी अकरावीत जाईपर्यंत, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत, तिच्याशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. २०१८ मध्ये हा नियम कडक केला गेला, तो नेमका सातवी-आठवीतल्या मुलींच्या मागे लागण्याचा प्रकार थांबावा म्हणून. प्रशिक्षक थांबले असतील, पालक मात्र थांबलेले नाहीत.

मला उदाहरण द्यायचेच झाले तर मी टोकियो ऑलिंपिकचे देईन. २७ जुलै २०२१, योकोहामा, जपान विरुद्ध अमेरिका. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेचा एक सणसणीत फटका जपानच्या थर्ड बेसच्या खेळाडूच्या हातावर आदळला आणि उडाला. शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभी राहणारी, माना अत्सुमी हिने तो जमिनीवर पडण्याआधी झेलला आणि तसाच सेकंड बेसकडे टाकून दुसरीलाही बाद केले. जपानने २-० ने सुवर्णपदक जिंकले. चेंडू आपल्या सहकारी खेळाडूच्या मनगटावरून उडून येईल याचा सराव जगातला कोणताही प्रशिक्षक घेत नाही. अत्सुमीची चपळाई तिची स्वतःची, त्यात वाद नाही, आणि थोडे नशीबही होतेच. पण तिने चेंडू टाकला तेव्हा सेकंड बेसवर तो घ्यायला कोणीतरी हजर होते, आणि माझे लक्ष प्रत्येक वेळी तिकडेच जाते. ती क्लिप मी लेकीला दाखवली तेव्हा तिनेही अत्सुमीकडे न बघता आधी बेसकडे बोट दाखवले होते.

हे टाइप करता करता राग थोडा निवळला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. ज्या संघात प्रशिक्षकाचीच मुलगी कायम शॉर्टस्टॉपला असते, पालक वर्षानुवर्षे एकत्र बार्बेक्यू करतात आणि म्हणून कोणालाच काढले जात नाही, तेही संघ मी पाहिले आहेत. तिथे एकोपा भरपूर असतो आणि पाच वर्षांनीसुद्धा कोणाला कटऑफ, म्हणजे लांबून आलेला चेंडू मध्येच घेऊन पुढे फेकणे, धड जमत नाही. ज्या मुलीला खरोखर पुढे जायचे आहे तिने अशा संघातून बाहेर पडावे, आणि पडताना अपराधी वाटून घेऊ नये. आमचे हे तर म्हणतात, की तू भावनेच्या भरात बोलतेस, क्लब काही धर्मादाय संस्था नाही. बरोबर आहे. आमचे कोचही वाईट माणूस नाहीत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतात, पाऊस पडून गेला की स्वतः दंताळे घेऊन माती सारखी करतात. त्यांच्यावरही जिंकण्याचा दबाव असतो, कारण संघ हरू लागला की पुढच्या ऑगस्टमध्ये चांगल्या मुली दुसरीकडे निघून जातात, आणि त्यांना घेऊन जाणारे पालक आपल्यातलेच असतात.

पण यातून निष्पन्न काय होते ते बघा. नवी मुलगी हुशार आहे, ऑक्टोबरपर्यंत तिला माझ्या लेकीची चाल कळेल, वसंतापर्यंत दोघींचे छान जमेल, जूनमध्ये तीही न सांगता फर्स्ट बेसवर धावत येईल, आणि ऑगस्टमध्ये तिच्यापेक्षा दहा फूट लांब चेंडू मारणारी कोणीतरी ट्रायआउटला येईल. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात भर म्हणजे रविवारच्या सामन्यापुरत्या आणलेल्या पाहुण्या खेळाडू, ज्यांची नावेसुद्धा आमच्या मुलींना दुसऱ्या इनिंगपर्यंत माहीत नसतात. आणि सरावाच्या वेळेत काय चालते? दोन तासांतला बहुतेक वेळ प्रत्येकीने आपापल्या जाळीत, आपापल्या टीवर (चेंडू ठेवायच्या दांड्यावर), आपापला स्विंग घोटायचा. बंटचा सराव शेवटची दहा मिनिटे, आणि तोही अंधार पडायच्या आत जमला तर.

गुरुवारी पालकांची बैठक आहे. तिथे मी तीन गोष्टी मागणार आहे. बंट आणि कटऑफचा सराव प्रत्येक वेळी अर्धा तास, त्याच त्या जोड्यांनी, आणि तो सरावाच्या सुरुवातीला. किमान आठवडाभर आमच्याबरोबर सराव केल्याशिवाय कोणत्याही पाहुण्या मुलीला रविवारी मैदानात उतरवायचे नाही. आणि ज्या मुलीला काढायचे आहे तिला तिच्यात काय कमी आहे हे फेब्रुवारीत सांगायचे, म्हणजे सुधारायला तिच्या हातात सहा महिने राहतील. हे म्हणतात, गप्प बस, लेकीचे नुकसान होईल. होईलही कदाचित. पण पुढचा हप्ता १ तारखेला भरायचा आहे, आणि तो भरण्याआधी मला या तिन्हींची उत्तरे हवी आहेत.