‘मुलांना मोबाईल येतो’ म्हणजे नेमकं काय येतं?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक युक्तिवाद अधूनमधून फिरून येतो. थोडक्यात असा: आजची मुलं मोबाईल हातात घेऊनच वाढतात, मास्तरांपेक्षा त्यांनाच जास्त कळतं. तेव्हा सरकारी शाळेत कॉम्प्युटर शिकवणं म्हणजे वेळ घालवणं, आणि त्याची परीक्षा म्हणजे शुद्ध नाटक. ज्याला शिकायचंय तो यूट्यूबवर शिकेल, उरलेलं एआय करेल. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत याला भराभर अंगठे मिळतात. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, मुलांना आपोआप येतं. काय येतं? रील बघणं, मेसेज पुढे ढकलणं, गेम उतरवणं. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलं सोशल मीडियावर होती. पण फोन आणू शकलेल्या मुलांना प्रत्यक्ष गुगल मॅप्सवर एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचायला किती वेळ लागेल ते शोधायला सांगितलं, तेव्हा ते जमलं जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांना. आठवीच्या मुलांच्या संगणक-कौशल्याची ‘आयसीआयएलएस’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. भारत तिच्यात नव्हता, पण श्रीमंत देश होते. तिथेही २०२३ साली सरासरी ४३ टक्के मुलं पायाभूत पातळीच्या खालीच राहिली. उपकरणांच्या सहवासात वाढल्याने कौशल्य येत नाही, हे त्या अभ्यासाने २०१८ सालीच सांगून ठेवलं होतं.

आकडे नको असतील तर शिष्यवृत्तीच्या मोसमात वाळपईतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर थांबा. अकरावी-बारावीची मुलं, हातात बऱ्यापैकी फोन, आणि उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला रांगेत. दाखल्याचा फोटो त्यांच्या फोनमध्येच असतो. तो पीडीएफ करायचा, ठरवून दिलेल्या केबीत बसवायचा, आणि सेव्ह केलेली फाईल कुठे गेली ते शोधायचं, एवढंच अडलेलं असतं. मग दुकानदार स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो, पासवर्डही तोच ठरवतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो पासवर्ड ना मुलाला ठाऊक, ना दुकानदाराच्या लक्षात. ओटीपी विचारला की मुलगा मोठ्याने सांगून टाकतो. मागे उभे असलेले सगळे ऐकतात.

मास्तरांपेक्षा मुलांना जास्त कळतं, हा दुसरा मुद्दा. बोटं मुलांची वेगाने चालतात, कबूल. दाखला कुणाच्या ईमेलवर टाकू नये हे सांगायला वेगवान बोटं लागत नाहीत.

तिसरा, यूट्यूबवर शिकतील. लॉकडाऊनमध्ये सांगे-सत्तरी तालुक्यांतली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, हे आपण इतक्यात विसरलो? आजही कित्येक घरांत फोन एकच, आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो. शिवाय आपल्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या; पाचवीपासून सगळं इंग्रजीत. त्या वयाच्या मुलाला पडद्यावरचा इंग्रजी मेनू कुणीतरी शेजारी बसून समजावून द्यावा लागतो. पणजीतल्या सुखवस्तू घरात त्यासाठी आई, ताई, शिकवणी आहे. बाकीच्यांना कीबोर्ड भेटतो तो शाळेतच. गोवा सरकारची ‘केअर्स’ योजना सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवते, ते चांगलंच. (फक्त रोबो प्रदर्शनात शोभून दिसतो, फाईल शोधता येणं दिसत नाही, म्हणून दुसरी गोष्ट मागे पडू नये.)

आता परीक्षा. इथे त्या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. ‘संगणकाचे पाच उपयोग लिहा’ हा प्रश्न कागदावर सोडवून कुणाला काही येत नाही. पण परीक्षा वाईट घेतली जाते, म्हणून घेऊच नये? अमेरिकेत २००१ च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक मूल आठवी संपेपर्यंत तंत्रसाक्षर झालं पाहिजे असं ठरवलं, मात्र ते मोजायची सामाईक चाचणी दिली नाही; राज्यांनी आपापल्या परीने मोजलं. पुढे २०१४ आणि २०१८ साली त्यांच्या राष्ट्रीय चाचणीने आठवीच्या मुलांना पडद्यावरच प्रसंग दिले आणि ते कसे सोडवतात ते नोंदवलं. २०१८ साली ४६ टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचली, आणि मुली मुलग्यांच्या पुढे निघाल्या.

आपल्याकडे असा प्रसंग शोधायला लांब जायला नको. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ असं परिपत्रक मोबाईलवर येतं, कधी खरं, कधी गेल्या वर्षीचं. तेच मुलासमोर ठेवा, तारीख कापलेलं. जावक क्रमांक बघतो का? शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर जाऊन पडताळतो का? की आधी चार जणांना पाठवून मोकळा होतो? मग जे सापडलं ते दोन ओळींत टाईप करून, स्वतःचं नाव असलेल्या फाईलमध्ये सेव्ह करून बाईंना पाठवायचं. बाईंच्या वहीत तीन रकाने: स्वतः केलं, एकदा विचारून केलं, जमलं नाही. वर्गात चाळीस मुलं आणि चालू मशिनं दहा असली, तर आठवडाभरात गटागटाने उरकतं. मार्क द्यायचे की नाही तो नंतरचा वाद.

राहिला एआय. त्याला आपल्या गावच्या जत्रेबद्दल विचारा. कधी बरोबर सांगेल, कधी भलत्याच देवळाची गोष्ट तितक्याच ठामपणे ऐकवेल. आठवीच्या मुलांना त्यातल्या चुका शोधायला सांगितलं तर तासाभराचं उत्तम काम होतं, कारण जत्रा त्यांनी पाहिलेली असते. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या उत्तरातली चूक त्यांना अशी घरबसल्या कळणार नाही. ती कशी तपासायची हे शिकवावं लागतं, आणि शिकले का तेही बघावं लागतं. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मोबाईलबंदीवर बोलून झालं की आठवीसाठी कॉम्प्युटर लॅब शेवटची कधी उघडली, तेवढं विचारा.